किल्ल्या कोणाकडे होत्या?

भ्रष्टाचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टेबलाखालून सरकणारे पाकीट येते, टेंडर येते, घोटाळ्याचा आकडा येतो. आकडा जितका मोठा, तितकी बातमी मोठी. शोधपत्रकारितेचे पुरस्कारही बहुधा अशाच बातम्यांना मिळतात. त्या बातम्यांना आम्ही कमी लेखत नाही. परंतु सरकारने ज्याच्या कमरेला कोठडीच्या किल्ल्या लावल्या, त्यानेच मध्यरात्री जमावाला वाट करून दिली, तर तो भ्रष्टाचार नव्हे काय? ठाण्यात आलेल्या बाईची फिर्याद न घेता तिला परत पाठवणाऱ्या अंमलदाराने एक रुपयाही खाल्लेला नसेल. पण पद त्याने विकलेलेच असते. किंमत मात्र रुपयांत न घेता जातीच्या नाण्यात घेतलेली असते.

या भ्रष्टाचाराचा तपास करायला मोठी वृत्तपत्रे सहसा जात नाहीत. अमेरिकेत हा तपास गुलामीत जन्मलेल्या एका स्त्रीने चाळीस वर्षे केला. तिचे नाव आयडा बी. वेल्स. आपल्या वाचकांना मार्टिन ल्यूथर किंग ठाऊक आहेत; ब्लॅक पँथर तर आपल्याला घरचेच, १९७२ साली आपल्या तरुणांनी त्यांच्याच नावावरून दलित पँथर उभी केली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तेव्हा आयडा अकरा वर्षांची होती आणि त्या मुक्तीचे पुढे काय होते हे तिला अजून पाहायचे होते.

१६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी तिचा जन्म झाला. वडील सुतार, आई स्वयंपाकीण, दोघेही गुलाम. मुक्तीनंतर वडील जुन्याच मालकाकडे पगारावर काम करू लागले. निवडणूक आली. मालकाने सांगितलेल्या पक्षाला मत द्यायला त्यांनी नकार दिला. मतदान करून परत येतात तो कारखान्याला कुलूप. त्यांनी वाद घातला नाही, बाजारात जाऊन नवी हत्यारे विकत घेतली आणि स्वतःचे काम सुरू केले. आई मुलांबरोबर शाळेत जाऊन बसे आणि वाचता येईपर्यंत तिने शाळा सोडली नाही. आयडाची जडणघडण या घरात झाली.

१८७८ साली पिवळ्या तापाची साथ आली. आई, वडील आणि धाकटा भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले. वय सोळा. नातेवाईक आणि वडिलांचे स्नेही भावंडांना घरोघरी वाटून द्यायला निघाले, ते तिने होऊ दिले नाही. झगा लांब करून, मोठी दिसेल अशी तयारी करून तिने शिक्षिकेची परीक्षा दिली आणि महिना पंचवीस डॉलरवर खेड्यातल्या शाळेत नोकरी धरली. पुढे ती टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात आली.

रेल्वेच्या डब्यातून बाहेर काढल्याची एक गोष्ट आपल्याकडे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पीटरमारित्झबर्गची, १८९३ सालची. त्याच्या नऊ वर्षे आधी, १८८४ साली, स्त्रियांच्या डब्याचे तिकीट हातात असताना आयडा वेल्स यांना कंडक्टरने ओढून काढले. त्या त्याच्या हाताला कडाडून चावल्या. एकट्याने जमेना म्हणून त्याने आणखी दोघांना बोलावले आणि डब्यातल्या गोऱ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. आयडाबाईंनी कंपनीवर दावा लावला. पहिला वकील आपल्याच समाजाचा. तो कंपनीला फितूर झाला असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांनी दुसरा केला. खालच्या न्यायालयाने पाचशे डॉलर भरपाई दिली. १८८७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि उलट खर्चाचा बोजा त्यांच्यावरच टाकला. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. मसूरच्या स्टेशनवर बैलगाडीसाठी ताटकळलेले लहानगे भीमराव तरी किती पुस्तकांत आहेत?

या खटल्यावर लिहिता लिहिता आयडाबाई पत्रकार झाल्या. १८८९ साली त्यांनी मेम्फिसच्या ‘फ्री स्पीच’ या पत्रात एक तृतीयांश भागीदारी घेतली. शिक्षिकेची नोकरी चालूच होती. १८९१ साली त्यांनी आपल्याच पत्रात शहराच्या शिक्षण मंडळावर लिहिले. काळ्या मुलांच्या शाळांच्या इमारती पडक्या, आणि काही नेमणुका गुणांवर नव्हे तर मंडळाच्या गोऱ्या सभासदांशी असलेल्या संबंधांवर झालेल्या. मंडळाने पुढच्या वर्षी त्यांना कामावर घेतले नाही. आयडाबाईंना वाईट वाटले ते नोकरी गेल्याचे नव्हे. ज्या मुलांसाठी लिहिले त्यांचे आईबापच म्हणू लागले की नोकरी जाणार हे दिसत असताना हे कशाला केले! आपल्या चळवळीत ज्याने कधी आपल्याच खात्याविरुद्ध अर्ज केला आहे, त्याला या प्रश्नाची चव माहीत असेल.

मग त्या पूर्णवेळ पत्राच्या मागे लागल्या. गावोगाव फिरून वर्गणीदार केले. पत्र गुलाबी कागदावर छापू लागल्या, कारण निरक्षर माणसाला दुसरेच पत्र फ्री स्पीच म्हणून विकले जाई. रंग ओळखायला अक्षरओळख लागत नाही. वाचता न येणारा माणूसही पेपर विकत घेतो आणि दुसऱ्याकडून वाचून घेतो, हे ‘मूकनायक’च्या वारसांना समजावून सांगायला नको.

आता १८९२ सालचा मार्च महिना. मेम्फिसच्या कडेला काळ्यांच्या वस्तीत तीन तरुणांनी भागीदारीत पीपल्स ग्रोसरी नावाचे किराणा दुकान काढले होते. टॉमस मॉस त्यांचा प्रमुख. दिवसा पोस्टमन, संध्याकाळी दुकानात. त्याच्या मुलीच्या आयडाबाई धर्ममाता होत्या. समोरच एका गोऱ्याचे दुकान, आणि तोपर्यंत त्या वस्तीचा सारा गल्ला त्याचा. गोट्या खेळताना पोरांची भांडणे झाली, त्यात मोठे पडले, आणि गोऱ्या दुकानदाराने ते प्रकरण कोर्टापर्यंत नेले. एका रात्री साध्या वेशातील सशस्त्र माणसे दुकानात घुसली. ती शेरीफची, म्हणजे जिल्ह्याच्या फौजदाराची, माणसे होती हे अंधारात कोणाला कळणार? दुकानातून गोळीबार झाला, तीन जखमी झाले. मॉस, मॅकडॉवेल आणि स्ट्युअर्ट हे तिघे सरकारी तुरुंगात गेले. ९ मार्चच्या रात्री बुरखेधारी जमाव तुरुंगात शिरला, तिघांना बाहेर काढले, गावाबाहेर रेल्वेच्या आवारात नेले आणि गोळ्या घातल्या. एका दैनिकाने सविस्तर वृत्तांत घेता यावा म्हणून सकाळचा अंक थांबवून धरला होता. म्हणजे संपादकाला ठाऊक होते, आणि शेरीफला मात्र ठाऊक नव्हते! यानंतर न्यायाधीशाने आदेश दिला तो मारेकऱ्यांना पकडण्याचा नव्हता. शंभर माणसे घेऊन काळ्यांच्या वस्तीत जा आणि गडबड करणारा काळा दिसेल तर गोळी घाला, असा तो होता. पीपल्स ग्रोसरीतला माल जमावाने लुटला, आणि उरलेले सारे त्या समोरच्याच दुकानदाराने कवडीमोलाने घेतले. कोणालाही शिक्षा झाली नाही.

आयडाबाई तेव्हा बाहेरगावी होत्या. परतल्या तेव्हा दफन उरकले होते. त्यांनी पिस्तूल विकत घेतले आणि लेखणी उचलली. या शहरात आपल्या जिवाची हमी नाही, तेव्हा शहर सोडा, असे त्यांनी लिहिले. लोक खरोखर निघाले, पाद्री आपापल्या मंडळींसह पश्चिमेला ओक्लाहोमाकडे गेले. जे राहिले त्यांनी ट्रामवर बहिष्कार टाकला. दीडेक महिन्याने ट्राम कंपनीचे दोन अधिकारी फ्री स्पीचच्या कचेरीत हजर! ट्रामगाड्या नुकत्याच विजेवर चालू लागल्या होत्या, म्हणून काळी माणसे विजेला भीत असावीत असा त्यांचा समज होता. तुमच्या लोकांची समजूत काढा म्हणाले. आयडाबाईंनी त्यांना विचारले की बहिष्कार नेमका कधीपासून सुरू झाला ते आठवून पाहा. पुढच्या रविवारी त्या शहरातल्या दोन मोठ्या चर्चमध्ये गेल्या, अधिकाऱ्यांची भेट सांगितली आणि बहिष्कार असाच चालू ठेवा म्हणाल्या. अलाबामातील माँटगोमेरीचा प्रसिद्ध बस बहिष्कार याच्या त्रेसष्ट वर्षांनंतरचा आहे.

पण आयडाबाईंचे खरे काम पुढचे. जमावाने काळ्या माणसाला विनाखटला ठार मारणे, म्हणजे लिंचिंग, याचे एक ठरलेले समर्थन होते: काळा पुरुष गोऱ्या स्त्रीवर बलात्कार करतो आणि संतापलेला समाज न्याय करतो. उत्तरेतले उदारमतवादी गोरेही हे मानत. आयडाबाईंनीही काही अंशी मानले होते. टॉमस मॉसवर तर असा आरोपच नव्हता. त्याचा गुन्हा इतकाच की त्याचे दुकान चालत होते. मग इतरांचे काय? त्यांनी एकेक प्रकरण घ्यायला सुरुवात केली. आकडे घेतले तेही गोऱ्यांच्याच ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकाने दरवर्षी छापलेले, म्हणजे काळ्या बाईने ते फुगवले असे कोणी म्हणू नये. आठ वर्षांतील ७२८ काळ्यांच्या हत्यांपैकी फक्त एक तृतीयांश प्रकरणांत बलात्काराचा आरोप तरी होता. सिद्ध होण्याची तर गोष्टच सोडा. बाकीच्यांचे गुन्हे? भांडण, उर्मटपणा, चोरीचा संशय. मिसिसिपीतील एका प्रकरणात शेरीफच्या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी देशभर गेली होती. आयडाबाई त्या गावी गेल्या. ती मुलगी सतरा वर्षांपेक्षा मोठी होती, आणि बापाला ती सापडली होती त्या मारलेल्या तरुणाच्या झोपडीत. आयडाबाईंची शोधपत्रकारिता ती हीच. छापून आलेल्या बातमीवर विश्वास न ठेवता तिकीट काढून गावी जायचे, मुलीचे वय विचारायचे, घर पाहायचे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना हाल करून मारले गेले. राज्यातील मोठ्या वृत्तपत्रांना ती बातमी वाटायला काही आठवडे लागले, आणि सुरुवातीला जे पसरवले गेले ते काय होते? अनैतिक संबंधांमुळे गावकरी संतापले. जमीन, स्वाभिमानाने राहणे, शिकणारी मुले, हे सारे त्या एका शब्दाखाली झाकले गेले. खरी माहिती आणली ती आपल्याच कार्यकर्त्यांनी, गावी जाऊन. पुढे सत्र न्यायालयात आणि २०१० साली उच्च न्यायालयातही अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे टिकली नाहीत.

मे १८९२ मध्ये आयडाबाईंनी बलात्काराच्या त्या सबबीवर थेट बोट ठेवणारा अग्रलेख लिहिला. मेम्फिसच्या गोऱ्या वृत्तपत्रांनी लेखकाला भर चौकात छळण्याची आणि जाळण्याची भाषा केली. लिहिणारा पुरुष आहे असे त्यांनी गृहीतच धरले होते. २७ मे रोजी छापखाना उद्ध्वस्त झाला. भागीदाराला पळावे लागले, आणि सुदैवाने प्रवासात असलेल्या आयडाबाईंना परत आलात तर मारू असा निरोप गेला. त्या न्यूयॉर्कलाच राहिल्या. ‘न्यूयॉर्क एज’ या काळ्यांच्या पत्राने २५ जून रोजी त्यांचा पुरावा नावे, तारखा, स्थळांसह पहिल्या पानावर छापला. त्या अंकाच्या दहा हजार प्रती निघाल्या. काळ्या स्त्रियांनी वर्गणी काढून त्यातून पुस्तिकेचा खर्च उभा केला. जाहिरातदार नव्हता, भांडवलदार नव्हता.

१८९३ आणि १८९४ साली त्या इंग्लंडला गेल्या. बोलावणाऱ्या बाईंचे नाव कॅथरीन इम्पी. त्यांच्या मासिकाचे नाव ऐकून आमचे वाचक चमकतील: ‘अँटी-कास्ट’. वर्णभेदाला त्या जातिभेदच म्हणत. मेम्फिसचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जात असे. गिऱ्हाईक नाराज होऊ लागल्यावर मेम्फिसच्या व्यापाऱ्यांना सदसद्विवेक आठवू लागला. त्याच १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. मराठी माणसाला ते प्रदर्शन ठाऊक आहे ते तिथल्या सर्वधर्म परिषदेमुळे आणि विवेकानंदांच्या भाषणामुळे. त्याच प्रदर्शनात हैती देशाच्या दालनात बसून आयडाबाई एक पुस्तिका वाटत होत्या. अमेरिकेच्या प्रगतीच्या या जत्रेत काळ्यांना जागा का नाही, असा तिचा विषय. त्यात कैदी भाड्याने देण्याच्या पद्धतीवर एक प्रकरण आहे. क्षुल्लक गुन्ह्यांत काळ्यांना पकडायचे, आणि राज्य सरकारांनी ते कैदी रेल्वेचे ठेकेदार, खाणवाले, मळेवाले यांना भाड्याने द्यायचे. पैसा सरकारी तिजोरीत. तुरुंग भरलेले राहण्यात राज्याचाच फायदा! टेंडरचा भ्रष्टाचार आणि वर्णाचा भ्रष्टाचार इथे एकाच वहीत लिहिलेला सापडतो.

१८९५ साली शिकागोतील वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला, चार मुले झाली. काम थांबले नाही. १८९८ साली दक्षिण कॅरोलिनात सरकारी पोस्टमास्तर फ्रेझर बेकर यांना आणि त्यांच्या तान्ह्या मुलीला जमावाने मारले, तेव्हा आयडाबाई अंगावरचे बाळ घेऊन वॉशिंग्टनला गेल्या आणि राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना भेटल्या. मारलेला माणूस सरकारचाच नोकर होता ना! तेरा जणांवर खटला भरला, ज्युरीचे एकमत झाले नाही, सारे सुटले.

१९०९ सालचे केरो प्रकरण मात्र आम्हाला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे वाटते. केरो हे इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाचे गाव. विल्यम जेम्स नावाच्या काळ्या माणसावर खुनाचा आरोप आला. शेरीफ फ्रँक डेव्हिस त्याला घेऊन आगगाडीने रानात गेला, जमावाने मालगाडी ताब्यात घेऊन पाठलाग केला, कैदी धरून आणला आणि हजारोंच्या साक्षीने गावात मारला, जाळला. आता इलिनॉयमध्ये १९०५ सालचा एक कायदा होता. शेरीफच्या ताब्यातील कैदी जमावाने मारला, तर शेरीफने कर्तव्यात कसूर केली असेच मानायचे आणि त्याचे पद जायचे. परत हवे असेल तर आपण सर्व काही केले हे त्याने गव्हर्नरपुढे सिद्ध करायचे. डेव्हिसने अर्ज केला. आयडाबाई केरोला पोहोचतात तो काय, काळ्यांतल्याच अनेक प्रतिष्ठितांनी शेरीफच्या बाजूने पत्रे दिलेली! तो भला माणूस, त्याने काळ्यांना नोकऱ्या दिल्या. त्यांनी सभा घेतली आणि विचारले की नोकऱ्या दिल्या म्हणून जीव गेला तो माफ का? मग एकेकाला भेटून माहिती जमवली. डेव्हिसने जादा माणसे नेमली नव्हती, वेळेत मदत मागितली नव्हती, कैदी वाचवण्यासाठी एक गोळीही झाडली नव्हती. गव्हर्नरपुढे शेरीफच्या बाजूने सिनेटर असलेला वकील आणि पत्रांची चळत. समोर पतीने तयार करून दिलेला कायद्याचा कागद वाचणारी एक काळी स्त्री. गव्हर्नर डनीन यांनी डेव्हिसला पद परत दिले नाही. फेब्रुवारी १९१० मध्ये त्याच गावी पुन्हा जमाव तुरुंगावर चालून आला, तेव्हा नव्या शेरीफने गोळीबार करायला लावला आणि कैदी वाचला. माणसे तीच, गाव तेच. बदलली होती ती फक्त पद जाण्याची भीती.

आपल्याकडे १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम ४ आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद. पण इलिनॉयच्या कायद्यात सिद्ध करण्याचे ओझे शेरीफवर होते, आणि आपल्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्या अधिकाऱ्यावर आरोप ठेवायचा तर आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणजे खात्याने खात्याची चौकशी करायची. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी कलम ४ खाली शिक्षा झालेला अधिकारी पाहिला आहे?

खात्याने खात्याची चौकशी केली की काय होते, हे अर्कान्सा राज्यात दिसले. १९१९ साली फिलिप्स परगण्यात बटईने कापूस पिकवणाऱ्या काळ्या शेतकऱ्यांनी संघटना काढली. मागणी साधी होती: आमच्या कापसाचा लेखी हिशेब द्या. मालक कापूस आपणच विकत, उधारी आपणच मांडत, आणि शेतकरी वर्षअखेरीस कर्जातच राही. ३० सप्टेंबरच्या रात्री सभेवर गोळीबार झाला, त्यात एक गोरा मेला, आणि बंड झाले अशी आवई उठवून गोऱ्या टोळ्या व सैन्य तुटून पडले. मेलेल्या काळ्यांची मोजणीसुद्धा नीट झाली नाही, अंदाज शेकड्यांत जातात. पकडले गेले ते काळेच. गव्हर्नर ब्रो यांनी ज्या समितीचा शब्द प्रमाण मानला, ती सातजणांची होती आणि तीत मळेवाले आणि गावचे सत्ताधारीच होते. चोरांनीच पंचनामा केला. सर्व गोऱ्या ज्युरीने काही मिनिटांत निकाल देत बारा जणांना फाशी सुनावली.

जानेवारी १९२० मध्ये, इकडे बाबासाहेब ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकाची जुळवाजुळव करीत होते त्याच महिन्यात, सत्तावन्न वर्षांच्या आयडाबाई लिटल रॉकच्या तुरुंगात कैद्यांच्या बायकांबरोबर नातेवाईक म्हणून शिरल्या. पहारेकऱ्याला त्या खेड्यातल्या बायांपैकीच एक वाटल्या. कैद्यांनी भजने म्हटली, सारी मरणाची आणि परलोकाची. आयडाबाईंनी त्यांना सांगितले की मरणाची गाणी आता पुरे, सुटका मागा, जगण्याची प्रार्थना करा. मग प्रत्येकाला विचारून त्यांनी लिहून घेतले: किती एकर कापूस होता, किती मका, किती जनावरे, घरातले काय काय गेले आणि त्याची किंमत काय. दंगल म्हणून सांगितले गेलेले प्रकरण त्यांच्या पुस्तिकेत चोरीचा हिशेब होऊन उभे राहिले. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या दहशतीखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे असा निर्णय दिला. त्यामागे स्किपिओ आफ्रिकेनस जोन्स या काळ्या वकिलाची मेहनत होती. १९२५ पर्यंत बाराही जण सुटले.

मोठ्या संघटनांशी आयडाबाईंचे फारसे जमले नाही. १९०९ साली ज्या संस्थेचा पाया घातला जात होता, तिच्या संस्थापक समितीच्या यादीतून त्यांचे नाव आधी गळाले आणि मागाहून घातले गेले. फटकळ म्हणून त्या बदनाम होत्या. १९३० साली राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहिल्या, पडल्या. २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र अर्ध्या वाक्यावर थांबलेले होते. ते मुलीने १९७० साली प्रसिद्ध केले. पुलित्झर समितीने त्यांचा गौरव केला तो २०२० साली, आणि लिंचिंगला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवले ते मार्च २०२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एक्क्याण्णव वर्षांनी.

मेम्फिसच्या त्या गुलाबी ‘फ्री स्पीच’चा एकही अंक आज कुठल्या ग्रंथालयात असल्याचे आढळत नाही. त्यातला मजकूर आपल्याला कळतो तो आयडाबाईंनी पुस्तिकांत पुन्हा छापला म्हणून, आणि त्यांना जाळण्याची भाषा करणाऱ्या गोऱ्या वृत्तपत्रांनी संतापाने आपल्या पानांत उतरवून घेतला म्हणून.